ऑल-वेदर फ्लॅट शर्यतींत घोड्याचा फॉर्म कसा पारखावा

ब्रिटनमध्ये कृत्रिम पृष्ठभागावरच्या, म्हणजे ऑल-वेदर, फ्लॅट (अडथळ्यांविना होणाऱ्या) शर्यती १९८९ मध्ये लिंगफील्ड आणि साउथवेल येथे सुरू झाल्या. हिवाळ्यात हिरवळ गोठली किंवा पाण्याने भरली की शर्यती रद्द कराव्या लागत, आणि त्यावर उपाय म्हणून हे ट्रॅक बांधले गेले. आज लिंगफील्ड, केम्प्टन, वुल्वरहॅम्प्टन, साउथवेल, न्यूकॅसल आणि चेम्सफर्ड सिटी अशा सहा ठिकाणी या शर्यती होतात. आयर्लंडमधील डंडॉकचे घोडेही अधूनमधून इकडे येतात, त्यामुळे तिथला फॉर्मही, म्हणजे आधीच्या शर्यतींतली कामगिरीही, हिशेबात धरावा लागतो.

हिरवळीवरचा फॉर्म वाचताना अर्धा वेळ जमिनीत ओल किती होती हे ठरवण्यात जातो. ऑल-वेदरवर जमिनीचे वर्णन बहुतेक दिवशी ‘स्टँडर्ड’ असते, फार तर ‘स्टँडर्ड ते स्लो’ किंवा ‘स्टँडर्ड ते फास्ट’. त्यामुळे इथला फॉर्म सोपा असतो, असा समज पसरलेला आहे. प्रत्यक्षात जमिनीची सबब बाजूला झाल्यावर घोडा कोणत्या आकाराच्या ट्रॅकवर पळाला, शर्यत कोणत्या वेगाने झाली आणि वळणावर तो किती बाहेरून गेला, हे प्रश्न अधिक ठळकपणे समोर येतात. या प्रश्नांची उत्तरे ‘तिसरा’ किंवा ‘सातवा’ या नुसत्या क्रमांकात सापडत नाहीत.

आकड्यांची ओळ

शर्यतपत्रिकेत घोड्याच्या नावाशेजारची आकड्यांची ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची असते. सर्वांत जुना निकाल डावीकडे, सर्वांत ताजा उजवीकडे. शून्य म्हणजे दहावा किंवा त्यामागचा क्रमांक. ओळीतली आडवी रेघ वर्ष बदलल्याचे दाखवते आणि नवखा वाचक नेमका इथेच फसतो. हिरवळीच्या हंगामात ही रेघ सहसा हिवाळ्याची मोठी विश्रांती सुचवते, पण ऑल-वेदरचा हंगाम ऐन भरात असतानाच वर्ष पालटते, त्यामुळे ‘४०३१-२६’ या ओळीतील रेघेआधीचा ‘१’ डिसेंबरअखेरचा आणि रेघेनंतरचा ‘२’ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला असू शकतो. रेघ पाहून विश्रांतीचा अंदाज बांधण्यापेक्षा प्रत्येक शर्यतीची तारीख पाहावी.

‘सी’, ‘डी’ आणि ‘सीडी’ ही अक्षरे घोडा त्या ट्रॅकवर, त्या अंतरावर किंवा दोन्ही जुळून आलेल्या शर्यतीत पूर्वी जिंकल्याचे सांगतात. ती उपयोगी आहेत, पण ती कधी मिळाली हे तपासल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नये. साउथवेलला २०२१ पर्यंत फायबरसँड नावाचा खोल, जड पृष्ठभाग होता. तिथे पुढच्या घोड्यांच्या खुरांनी उडणारी वाळू मागच्यांच्या तोंडावर इतकी येई की आघाडीवर पळणारे दणकट घोडे वारंवार जिंकत आणि मागून येणारे वैतागून थांबत. त्यानंतर तिथे टॅपेटा हा वेगळा कृत्रिम पृष्ठभाग आला आणि ट्रॅकचा स्वभावच बदलला. त्या बदलाआधी तिथे मिळवलेले ‘सी’ हे अक्षर आजच्या साउथवेलबद्दल काहीही सांगत नाही. वुल्वरहॅम्प्टननेही आधी फायबरसँड, मग २००४ मध्ये पॉलिट्रॅक (आणखी एक कृत्रिम पृष्ठभाग) आणि २०१४ मध्ये टॅपेटा असे तीन पृष्ठभाग पाहिले आहेत, म्हणून त्या ट्रॅकविषयीची जुनी ठोकताळ्यांची कोष्टके वाचताना ती कोणत्या काळातली आहेत हे आधी पाहावे.

सहा ट्रॅक, सहा स्वभाव

‘याचा ऑल-वेदर फॉर्म चांगला आहे’ हे वाक्य मला अपुरे वाटते. कोणत्या ट्रॅकवर, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

लिंगफील्ड, केम्प्टन आणि चेम्सफर्ड येथे पॉलिट्रॅक आहे. वुल्वरहॅम्प्टन, न्यूकॅसल आणि साउथवेल येथे टॅपेटा आहे. दोन्हींत वाळू, कृत्रिम तंतू आणि मेण असते. टॅपेटा विकसित करणारे मायकेल डिकिन्सन हे १९८३ च्या चेल्टनहॅम गोल्ड कपमध्ये पहिले पाचही क्रमांक आपल्याच घोड्यांना मिळवून देणारे ट्रेनर, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतींच्या इतिहासात अढळ झालेले नाव. बहुतेक घोडे पॉलिट्रॅकवरून टॅपेटावर सहज जुळवून घेतात, पण काही घेत नाहीत, आणि तो फरक एकाच घोड्याच्या चार-सहा शर्यती पृष्ठभागानुसार वेगळ्या मांडल्या की दिसू लागतो.

पृष्ठभागापेक्षाही मी आकाराला अधिक वजन देतो. वुल्वरहॅम्प्टनचा डावीकडे वळणारा फेरा सुमारे एक मैलाचा, सपाट आणि आवळलेला आहे. शेवटचा सरळ पट्टा आखूड असल्याने वळणाआधी जागा न मिळालेल्या घोड्याला ती पुढे क्वचितच मिळते. चेम्सफर्डचा फेराही साधारण तेवढाच आणि डावीकडे वळणारा आहे, पण वळणे अधिक मोकळी आहेत. तिथे पुढे राहणाऱ्या घोड्याला पकडणे अवघड जाते. लिंगफील्डला शेवटच्या वळणाकडे उतार लागतो आणि वळणातून बाहेर पडताच घोड्याला झटकन वेग वाढवता आला पाहिजे. जड, संथपणे गती घेणाऱ्या घोड्याची तिथे कुचंबणा होते. केम्प्टन हा ब्रिटनमधला उजवीकडे वळणारा एकमेव ऑल-वेदर ट्रॅक आहे. तिथे आतला आणि बाहेरचा असे दोन फेरे असून ५ आणि १० फर्लांगांच्या (एक फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) शर्यती आतल्या फेऱ्यावर, तर बाकीच्या बाहेरच्या फेऱ्यावर होतात. त्यामुळे केम्प्टनला १० फर्लांगांवर चमकलेला घोडा तिथेच १२ फर्लांगांवर उतरला की अंतराबरोबर वळणाची गोलाईही बदललेली असते.

न्यूकॅसलचे सगळेच वेगळे आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या ट्रॅकवर ५ ते ८ फर्लांगांच्या शर्यती पूर्ण सरळ रेषेत, वळणाशिवाय होतात आणि शेवटी चढण असते. वुल्वरहॅम्प्टनला एक मैल वळणावरच्या चपळाईने जिंकणारा घोडा इथे शेवटच्या फर्लांगात धाप लागून थांबू शकतो. उलट, आवळ वळणांवर तोल सांभाळता न येणारा दमदार घोडा न्यूकॅसलच्या सरळ मैलावर अचानक चांगला दिसतो. अशा घोड्याचा ‘अनपेक्षित’ विजय बहुतेक वेळा अनपेक्षित नसतो.

वळणावर बाहेरून पळण्याची किंमत मोजताही येते. घोडा अर्धवर्तुळाकार वळणावर आतल्या रेलिंगपेक्षा दोन मीटर बाहेरून गेला तर तो सुमारे सव्वासहा मीटर जास्त पळतो. एक लांबी, म्हणजे घोड्याच्या अंगाएवढे अंतर, साधारण २.४ मीटर धरली तर हे अडीच लांबीहून अधिक झाले. निकालात तो दोन लांबीने हरलेला दिसत असेल, तर क्रमांकापेक्षा त्याची कामगिरी बरी होती असे मानायला आधार आहे. मात्र हा हिशेब शर्यतीचे चित्रीकरण पाहून करावा, केवळ स्टॉलचा (घोडा ज्या फाटकातून सुटतो त्याचा) क्रमांक पाहून नव्हे, कारण बाहेरच्या स्टॉलमधून सुटलेला घोडा वळणाआधी आत येऊन बसलेला असू शकतो, आणि आतला घोडा सुटताना अडखळून शेवटी बाहेरूनच फिरलेला असू शकतो. वळण सुरुवातीच्या रेषेजवळ असलेल्या छोट्या शर्यतींत स्टॉल सर्वांत महत्त्वाचा ठरतो. न्यूकॅसलच्या सरळ मैलावर स्टॉलपेक्षा वेग कोणत्या गटात आहे आणि घोडा त्या गटाजवळ आहे का, हे पाहावे.

शर्यतीचा वेग

ऑल-वेदर फॉर्ममध्ये सर्वाधिक दिशाभूल करणारी गोष्ट म्हणजे संथ वेगाने झालेली शर्यत. सात-आठ घोड्यांच्या शर्यतीत कोणीच पुढे जायला तयार नसते तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहत रमतगमत निघतात आणि शेवटच्या दोन फर्लांगांत सगळा खेळ होतो. अशा शर्यतीत पुढे असलेल्या घोड्याला फुकटचा फायदा मिळतो, मागचा घोडा कितीही जोरात आला तरी पोहोचत नाही, आणि सगळे एकमेकांच्या जवळ संपवतात, म्हणून शेवटून दुसरा आलेला घोडाही कागदावर ‘फक्त तीन लांबीने हरला’ असा चांगला दिसतो.

हे ओळखायला टप्प्याटप्प्याचे वेळ, म्हणजे सेक्शनल, मदत करतात. समजा केम्प्टनला एका मैलाची शर्यत ९८.४ सेकंदांत झाली आणि विजेत्याने शेवटचे दोन फर्लांग २२.८ सेकंदांत काढले. पूर्ण शर्यतीत दर फर्लांगाला सरासरी १२.३ सेकंद लागले, शेवटच्या दोनांत ११.४. १२.३ ला ११.४ ने भागून शेकड्यात मांडले तर जवळपास १०८ टक्के येतात, म्हणजे शेवट शर्यतीच्या सरासरीपेक्षा आठ टक्के वेगाने झाला. याचा सरळ अर्थ असा की आधी बराच वेळ वाया घालवला गेला होता. १०० च्या आसपासचा आकडा समतोल वेग सुचवतो, तर ९७-९८ सारखा आकडा सुरुवातीला घोडे जास्त जोरात पळून शेवटी थकल्याचे सांगतो. चढण असलेल्या न्यूकॅसलला आणि उतरून येणाऱ्या लिंगफील्डला हाच आकडा एकसारखा वाचता येत नाही. प्रत्येक ट्रॅक आणि अंतराचा नेहमीचा आकडा काय, हे वेगळे लक्षात ठेवावे लागते.

आता याच शर्यतीत एक घोडा शेवटून तिसऱ्या स्थानावर राखून ठेवलेला होता, त्याने शेवटचे दोन फर्लांग २२.५ सेकंदांत, म्हणजे विजेत्यापेक्षा ०.३ सेकंद लवकर काढले, आणि तरी तो सव्वा लांबीने चौथा आला, असे धरू. निकालपत्रात तो फक्त चौथा आहे. माझ्या वहीत मात्र तो त्या शर्यतीतला लक्ष ठेवण्याजोगा घोडा आहे, अर्थात पुढच्या वेळी शर्यतीत वेग असेल तरच. जर पुढच्या शर्यतीतही आघाडी घेणारा एकही घोडा नसेल, तर त्याची तीच गत होण्याची शक्यता आहे, आणि त्याच्यावरचे सट्ट्याचे भाव मागच्या शर्यतीचे चित्रीकरण पाहून इतरांनीही खाली आणलेले असतील.

म्हणून प्रत्येक शर्यत वाचताना मी आधी एक साधी वर्गवारी करतो: आघाडी घेणारे, पुढच्या गटात राहणारे, मध्यात बसणारे, मागे राखले जाणारे. गेल्या तीन-चार शर्यतींतील टिपणी वाचली की घोडा कोणत्या गटातला, हे कळते. आघाडीवर पळायची सवय असलेले तीन घोडे एकत्र आले आणि त्यांतील दोघांना आतले स्टॉल मिळाले तर वेग वाढतो आणि मागच्यांना संधी मिळते. एकच आघाडीवाला असेल, तोही चेम्सफर्डला आतल्या स्टॉलमध्ये, तर त्याचा मागचा फॉर्म मध्यम असला तरी त्याला किरकोळ समजू नये. सोप्या आघाडीत पळणारा घोडा आपल्या मानांकनापेक्षा चांगला दिसू शकतो, आणि पुढच्या वेळी तीच सोपी आघाडी मिळाली नाही तर तितकाच वाईट दिसू शकतो.

वजन आणि मानांकन

ऑल-वेदरच्या बऱ्याच शर्यती हँडिकॅप असतात, म्हणजे घोड्यांना वजन देऊन त्यांची संधी सारखी केली जाते. घोड्याच्या अधिकृत मानांकनातला प्रत्येक अंक एक पौंड वजनाइतका असतो, आणि चांगल्या मानांकनाचा घोडा जास्त वजन घेऊन पळतो. हँडिकॅपर, म्हणजे मानांकन ठरवणारा अधिकारी, हिरवळीवरचे आणि ऑल-वेदरवरचे मानांकन वेगवेगळे ठेवू शकतो. हिरवळीवर ७२ आणि ऑल-वेदरवर ६१ असलेला घोडा ‘सवलतीत’ आहे असा निष्कर्ष चटकन काढला जातो. तो बहुतेक वेळा उतावळा असतो. त्याला इथला पृष्ठभाग मानवत नाही म्हणूनच ६१ मिळालेले असू शकतात. तो कमी मानांकनावर ऑल-वेदरवर किती वेळा आणि कोणत्या ट्रॅकवर पळाला हे पाहावे. फक्त एकदाच, वुल्वरहॅम्प्टनला, बाहेरच्या स्टॉलमधून पळाला असेल तर प्रश्न अजून खुला आहे.

मानांकने दर मंगळवारी नव्याने जाहीर होतात. त्यामुळे आठवड्याच्या मध्यात जिंकलेला घोडा नवे मानांकन लागू होण्यापूर्वी पुन्हा पळवला जातो, तेव्हा त्याला विजयाबद्दल ठरलेला दंड, साधारण ५ किंवा ६ पौंड, घ्यावा लागतो. विजय इतका सहज असेल की नवे मानांकन १० अंकांनी वाढणार हे दिसते, तर त्या मधल्या शर्यतीत घोडा खरोखर सवलतीत असतो. उलट, नाकाच्या अंतराने जिंकलेल्या घोड्याला हाच दंड जड पडतो.

अंतर पौंडांत बदलण्याची ढोबळ रीत अशी: ५ फर्लांगांवर एक लांबी सुमारे तीन पौंडांची, एका मैलावर सुमारे दोन पौंडांची, आणि अंतर वाढेल तशी आणखी कमी. ऑल-वेदरवर हा हिशेब विशेष कामी येतो, कारण इथे ठरावीक मानांकनाचे तेच घोडे महिन्याभरात दोन-तीनदा एकमेकांसमोर येतात. समजा ६ फर्लांगांच्या शर्यतीत पहिल्या घोड्याने ९ स्टोन २ पौंड (एक स्टोन म्हणजे १४ पौंड) घेऊन दुसऱ्याला दीड लांबीने हरवले, आणि दुसऱ्यावर ९ स्टोन ७ पौंड होते. आज दोघांवर ९ स्टोन ६ पौंड आहेत. तेव्हाचा पाच पौंडांचा फरक आता शून्य झाला. लांबीला अडीच पौंड धरले तर तो दोन लांबींचा बदल आहे, म्हणजे कागदावर दुसरा घोडा अर्ध्या लांबीने पुढे येतो. अर्धी लांबी हा इतका लहान फरक आहे की स्टॉल किंवा वेग तो सहज उलटवू शकतो. म्हणून असा हिशेब निर्णय म्हणून न वापरता, कोणाला विनाकारण दुर्लक्षिले जात आहे हे शोधण्यासाठी वापरावा. जॉकी शिकाऊ असेल तर त्याची ७, ५ किंवा ३ पौंडांची सवलतही इथेच वजा करावी. सात पौंडांची सवलत आकर्षक वाटते, परंतु वुल्वरहॅम्प्टनच्या आवळ वळणावर अनुभव नसलेला स्वार ती पुरती गमावू शकतो.

वर्गाबद्दल, म्हणजे शर्यतीच्या दर्जाच्या पायरीबद्दल, फार लिहिण्यासारखे नाही. खालच्या वर्गात उतरलेला घोडा चांगलाच असतो असे नाही. तो का उतरला हे पाहावे. ट्रेनर त्याला वर्ग बदलण्याबरोबरच अंतर, ट्रॅक किंवा जॉकीही बदलून देत असेल, तर तिथे काही योजना असण्याची शक्यता जास्त असते. पहिल्यांदा लावलेले ब्लिंकर्स (डोळ्यांच्या झापडा), हूड (कान झाकणारी टोपी) किंवा जिभेची पट्टी यांचीही नोंद घ्यावी. श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेची माहिती २०१८ पासून जाहीर केली जाते, आणि ती पहिल्या शर्यतीपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या शर्यतीत अधिक बोलकी ठरते, असे माझे मत आहे.

नवे घोडे आणि मोठी नावे

मेडन (एकदाही न जिंकलेल्या घोड्यांच्या) आणि नॉव्हिस (नवख्या घोड्यांच्या) शर्यतींत फॉर्म थोडाच असतो, म्हणून तिथे वंश, ट्रेनर आणि सट्टाबाजारातील हालचाल यांवर भर द्यावा लागतो. या शर्यती किरकोळ समजू नयेत. पुढे २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षे प्री द लार्क द त्रिओम्फ ही फ्रान्समधली मोठी शर्यत जिंकणारी एनेबल ही घोडी नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यूकॅसलच्या मैलावर पहिल्यांदा पळाली आणि जिंकली. २०१८ मध्ये दुखापतीनंतरचे तिचे पुनरागमनही केम्प्टनला सप्टेंबर स्टेक्समध्ये, पॉलिट्रॅकवरच झाले. मोठ्या तबेल्यांचे चांगले घोडे न्यूकॅसल आणि केम्प्टनला पदार्पण करतात, म्हणून तिथल्या एखाद्या नॉव्हिस शर्यतीतील चौथा घोडा महिन्याभराने साध्या हँडिकॅपमध्ये उतरला तर त्याच्यापुढे कोण संपले होते हे जरूर पाहावे. त्यांच्यापैकी कोणी नंतर जिंकले असेल, तर त्या चौथ्या क्रमांकाला वजन येते.

ऑल-वेदर अजिंक्यपदाचा अंतिम दिवस २०१४ मध्ये पहिल्यांदा गुड फ्रायडेला लिंगफील्डला झाला, आणि २०२२ पासून तो न्यूकॅसलला होतो. फॉर्म वाचणाऱ्याला या बदलाचा अर्थ स्पष्ट आहे: लिंगफील्डच्या उताराच्या वळणावर चमकलेल्या घोड्यांची जुनी अंतिम दिवसाची कामगिरी न्यूकॅसलच्या चढणीवर तशीच लागू होत नाही.

भाव आणि ऐनवेळचे बदल

वरील सर्व पारखून झाल्यावर प्रत्येक घोड्याच्या जिंकण्याची शक्यता टक्क्यांत लिहावी आणि मगच भाव पाहावा. ४/१ हा भाव (एक लावला तर चार नफा) २० टक्के शक्यता दाखवतो, ९/१ हा १० टक्के. आपला अंदाज २० टक्के आणि भाव ३/१ असेल, म्हणजे बाजार २५ टक्के मानत असेल, तर घोडा कितीही आवडला तरी तिथे पैसे लावण्यात अर्थ नाही. आधी भाव पाहिला की आपला अंदाज नकळत त्याच्याभोवती फिरू लागतो, म्हणून हा क्रम मोडू नये.

शर्यतीच्या दिवशी नावे मागे घेतली गेली आहेत का, हे शेवटी पुन्हा तपासावे. मध्यम दर्जाचा एखादा घोडा बाहेर गेला तर फारसे बिघडत नाही, पण एकमेव आघाडीवाला मागे घेतला गेला असेल तर आपण मांडलेला शर्यतीचा सगळा वेगच बदलतो. मागून येण्यावर भिस्त असलेल्या घोड्याचा अंदाज तेवढ्याने अर्ध्यावर येऊ शकतो, आणि तो अंदाज नव्याने काढल्याशिवाय जुने टक्के भावाशी ताडून पाहू नयेत.